विमानाच्या पिस्टन इंजिनावरचा ऑइल फिल्टर आणि त्याचं वायर लॉकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायर लॉकिंग म्हणजे फिल्टर सैल होऊ नये म्हणून त्याला पिळलेल्या वायरने इंजिनाशी बांधून ठेवणं. हँगरमध्ये नव्याने रुजू झालेले, एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) परीक्षेची तयारी करणारे आणि अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान बाळगणारे मराठी लोक, या तिघांकडून याच विषयावरचे प्रश्न सतत येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः लायकमिंग आणि कॉन्टिनेन्टल या कंपन्यांची इंजिनं धरून आहेत. रोटॅक्सचा मामला वेगळा आहे, तो प्रश्न १३ मध्ये. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल आणि फिल्टरच्या डब्यावर छापलेली सूचना इथल्या कोणत्याही वाक्यापेक्षा वरचढ समजा.

१. गाडीच्या ऑइल फिल्टरला वायर नसते. मग विमानाच्याच फिल्टरला का बांधायची?

सेसना १७२ मधल्या चार सिलिंडरच्या लायकमिंगच्या संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागात) ८ क्वार्ट, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास तेल मावतं. पंपातून निघालेलं तेल बेअरिंगकडे जाण्याआधी फिल्टरमधून जातं आणि तिथला दाब साधारण ६० ते ९० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो. थंड इंजिन सुरू करताना तो याच्याही वर जातो. अशा ठिकाणी फिल्टर अर्धा आटा जरी सैल झाला, तरी गॅस्केटवरचा (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्यावरचा) दाब सुटतो आणि तेल बाहेर फेकलं जायला लागतं. संप रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही. तेल संपलं की बेअरिंग धरतात आणि इंजिन बंद पडतं.

गाडीत दिवा लागला की बाजूला घेऊन थांबता येतं. हवेत ती सोय नाही. शिवाय या इंजिनांत मोठे पिस्टन थेट प्रोपेलर फिरवतात, त्यामुळे थरथर मोठी असते आणि ती तासन् तास चालते. थरथरीने आटे सुटू शकतात, म्हणून फिल्टरला सैल व्हायची मुभाच ठेवायची नाही.

२. म्हणजे वायरमुळे फिल्टर घट्ट राहतो, असंच ना?

नाही. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: फिल्टर घट्ट राहतो तो बरोबर बसलेल्या गॅस्केटमुळे आणि बरोबर दिलेल्या टॉर्कमुळे, म्हणजे आवळताना दिलेल्या मोजक्या जोरामुळे. वायर फक्त त्याला उलटं फिरू देत नाही. कमी टॉर्कच्या फिल्टरला कितीही सुबक वायर बांधली तरी तो गळेल. हाताने फिरवून बसवलेला फिल्टर आणि त्यावर देखणी वायर, ही जोडी सगळ्यांत धोक्याची. कारण नंतर तपासणारा माणूस वायर पाहतो आणि काम झालं असं धरून पुढे जातो.

३. टॉर्क किती द्यायचा?

डब्यावर छापलेला असतो, तो वाचा. चॅम्पियन कंपनीच्या ४८११० सारख्या स्पिन-ऑन (अख्खा डबाच फिरवून बसवायच्या) फिल्टरसाठी तो १६ ते १८ फूट-पौंड आहे, म्हणजे साधारण २२ ते २४ न्यूटन-मीटर. मॅन्युअलमधला आकडा आणि डब्यावरचा आकडा वेगळा निघाला तर अंदाजाने मधला धरू नका, तुमच्या हँगरच्या टेक्निकल विभागाला विचारा.

जास्त टॉर्क देणंही तितकंच वाईट. गॅस्केट चेपून बाहेर येतं, डब्याचं तोंड वाकतं आणि पुढच्या वेळी फिल्टर निघता निघत नाही. मग कोणीतरी त्याच्या पोटात स्क्रूड्रायव्हर खुपसून फिरवतो आणि आतल्या धातूच्या कणांच्या तपासणीचा बोजवारा उडतो.

४. फायरवॉल (इंजिनामागची आगरोधक भिंत) इतकी जवळ आहे की टॉर्क रेंच सरळ बसतच नाही. मग अंदाजाने आवळला तर चालेल का?

चालणार नाही, आणि तशी गरजही नाही. क्रोफूट, म्हणजे टॉर्क रेंचच्या टोकाला लावायचा उघड्या तोंडाचा आखूड पाना, वापरा. क्रोफूट रेंचच्या दांड्याशी काटकोनात लावला तर रेंचवरचा आकडा जवळपास तोच राहतो. दांड्याच्या सरळ रेषेत पुढे लावला तर मात्र दांडा लांबल्यासारखं होतं आणि नटवर जास्त टॉर्क जातो. तेव्हा रेंच कमी आकड्यावर लावावा लागतो.

हिशेब सोपा आहे. हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि क्रोफूटची एकूण लांबी. रेंच मुठीच्या मध्यापासून चौकोनी टोकापर्यंत १२ इंच, क्रोफूट २ इंच आणि हवा असलेला टॉर्क १७ फूट-पौंड असेल, तर १७ गुणिले १२ भागिले १४, म्हणजे सुमारे १४.६ वर रेंच लावायचा. हे गणित फिल्टरशेजारी वाकून तोंडी करू नका. आधी कागदावर करा आणि दुसऱ्याला दाखवा.

५. गॅस्केटला काय लावायचं? आणि जुनं गॅस्केट चिकटून राहिलं तर?

स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ थर किंवा डीसी-४ हे सिलिकॉन ग्रीस, डब्यावर जे सांगितलं असेल ते. कोरडं गॅस्केट लावलं तर ते फिरताना ओढलं जातं, टॉर्क खोटा येतो आणि पुढच्या वेळी रबर अडॅप्टरला (इंजिनावरच्या ज्या भागावर फिल्टर चढतो त्याला) चिकटून बसतं.

आता प्रश्नाचा दुसरा, जास्त महत्त्वाचा भाग. जुना फिल्टर काढला की त्याचं गॅस्केट त्याच्याबरोबर आलं आहे का, ते डोळ्यांनी बघा. नसेल आलं तर ते अडॅप्टरवरच चिकटलेलं आहे. काळं रबर, वर काळं तेल आणि मागच्या बाजूला अंधार, त्यामुळे ते सहज नजरेतून सुटतं. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन गॅस्केट एकावर एक येतात. टॉर्क व्यवस्थित लागतो, वायर व्यवस्थित बसते, जमिनीवर इंजिन कमी वेगाने फिरवताना कदाचित एक थेंबही पडत नाही. पूर्ण दाब आला की वरचं गॅस्केट सरकतं आणि तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. म्हणून अडॅप्टरच्या पृष्ठभागावरून बोट फिरवा, आरसा आणि टॉर्च लावून पाहा, कपड्याने कोरडा करा आणि मगच नवा फिल्टर हातात घ्या.

६. कोणती वायर वापरायची?

स्टेनलेस स्टीलची ०.०३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटरची. स्टोअरमध्ये ती एमएस२०९९५सी३२ या नंबराने मिळते. त्यातला सी म्हणजे गंजरोधक पोलाद आणि ३२ म्हणजे इंचाचे हजारावे भाग. फिल्टरच्या कानाचं, म्हणजे वायर ओवायला ठेवलेल्या छोट्या पट्टीचं, छिद्र याच जाडीला सोयीचं असतं. ०.०४१ ची वायर मॅन्युअलने मागितली तरच घ्या.

तांब्याची ०.०२० ची पातळ वायर फिल्टरला कधीही लावू नका. ती आणीबाणीत ओढायच्या दांड्यांसाठी आणि उघडायच्या झाकणांसाठी असते. गरजेच्या वेळी हाताच्या जोराने तुटावी म्हणूनच ती ठेवतात.

७. वायर कोणत्या दिशेने ओढली पाहिजे?

फिल्टर आवळला जातो त्या दिशेने. आटे उजवे असतात, म्हणून फिल्टरच्या बंद टोकाकडे, जिथे षटकोनी नट आहे तिथे तोंड करून पाहिलं की वायरने फिल्टरला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओढलं पाहिजे.

तपासण्याची खात्रीची रीत अशी: मनातल्या मनात फिल्टर डावीकडे, सुटायच्या दिशेने फिरवा. वायर ताणली जात असेल तर बरोबर. ढिली पडत असेल तर उलटी बांधली आहे, कापून पुन्हा बांधा. परीक्षेत आणि हँगरमध्ये सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट हीच. फिल्टर आडवा किंवा तिरका बसवलेला असतो, आपण त्याच्या मागून किंवा खालून पाहत असतो आणि डावं-उजवं उलटं होतं. डोकं नेहमी बंद टोकासमोर न्या. जाता येत नसेल तर आरसा न्या.

८. प्रत्यक्षात वायर बांधायची कशी, ते एकदा नीट सांगा.

हात स्वच्छ करा, नवी वायर घ्या. साधारण अंतराच्या अडीचपट लांबीचा तुकडा कापा, कारण ती दुमडली जाणार आहे आणि पीळ पडल्यावर आखूड होणार आहे.

फिल्टरच्या बंद टोकाला नटाभोवती छिद्र असलेले कान असतात. त्यांपैकी कोणता निवडायचा, यात अर्धं काम आहे. वायरचं दुसरं टोक जिथे बांधायचं ते आधाराचं छिद्र बहुधा फिल्टरच्या बुडाकडे, अडॅप्टरवर असतं, म्हणजे वायर डब्याच्या लांबीवरून तिरकी जाते. ती डब्याच्या अक्षाला जवळपास समांतर गेली तर फिल्टर थोडा फिरला तरी तिला फारसा ताण बसत नाही. म्हणून असा कान घ्या की वायर स्पष्ट तिरकी जाईल आणि ओढ आवळायच्या दिशेने राहील.

वायर कानातून ओवा, दोन्ही टोकं सारखी करा. एक टोक कानाला वळसा घालून दुसऱ्याजवळ आणा आणि पहिला पीळ बोटांनी कानाला खेटून द्या. मग दोन्ही टोकं वायर लॉकिंग प्लायरमध्ये धरून पीळ द्या. ०.०३२ च्या वायरला इंचाला ६ ते ८ पीळ बसले पाहिजेत. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत हाच आकडा आहे. पीळ आधाराच्या छिद्राच्या किंचित अलीकडे, तीनेक मिलिमीटरवर थांबवा. एक टोक छिद्रातून काढा, वायर हाताने ताणून घ्या, दुसरं टोक बाहेरून आणा आणि दोघांना पुन्हा पीळ द्या. हा शेवटचा भाग म्हणजे पिगटेल. तो पाव ते अर्धा इंच ठेवा, म्हणजे तीन ते सहा पीळ. उरलेलं कापताना तुकडा बोटांनी धरून ठेवा, तो उडून काउलिंगमध्ये (इंजिनाच्या आवरणात) पडू देऊ नका. शेवटी पिगटेल आत वळवा. पुढच्या माणसाच्या हाताला किंवा शेजारच्या होजला (लवचीक नळीला) ते टोचता कामा नये.

झाल्यावर बोटाने मध्यभागी हलकेच दाबा. वायर ताठ लागली पाहिजे, पण सतारीच्या तारेसारखी झणझणणारी नको. अति ताणलेली वायर थरथरीने तुटते.

९. दुसरं टोक बांधायला अडॅप्टरवर जागा सापडत नाही. जवळच्या इंजिन माउंटच्या (इंजिन धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या) नळीला बांधू का?

बांधू नका. इंजिन रबरी माउंटवर बसवलेलं असतं आणि चालू-बंद होताना चांगलंच हलतं. माउंटची नळी आणि फायरवॉल मात्र एअरफ्रेमबरोबर स्थिर असतात. फिल्टर इंजिनाबरोबर हलणार आणि वायरचं दुसरं टोक जागेवर राहणार, मग ती प्रत्येक वेळी वाकून काही दिवसांत तुटेल. वायरची दोन्ही टोकं इंजिनावरच हवीत. अडॅप्टर बनवणाऱ्याने ठेवलेलं छिद्र किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला छिद्राचा बोल्ट, एवढंच. ऑइल होज, इंधनाची नळी, वायरिंगचा क्लॅम्प, कशालाही बांधायचं नाही.

१०. पीळ चुकला तर उलगडून पुन्हा दिला तर चालतो का? जुनी वायर परत वापरता येते का?

दोन्हीला नाही. एकदा पीळ पडलेली वायर कडक झालेली असते. ती उलगडून पुन्हा पिळली की तिथेच तुटते. प्लायरच्या दातांचे खोल व्रण उठलेली वायरही टाकून द्या. नवी वायर स्वस्त आहे, यात काटकसर करू नये.

११. आधी इंजिन चालवून गळती तपासायची आणि मग वायर बांधायची, की उलट?

आधी टॉर्क, मग वायर, मग इंजिन चालवणं. काही जण गळती दिसली तर पुन्हा वायर कापावी लागेल म्हणून क्रम उलटा करतात. मला तो मान्य नाही. इंजिन चालवल्यावर कोणी हाक मारतं, फोन येतो, शिफ्ट संपते आणि वायर बांधायची राहून जाते. वायर कापावी लागलीच तर पाच मिनिटं जातील.

चालवण्याआधी फिल्टरभोवतीचं सांडलेलं तेल पूर्ण पुसा. फिल्टर काढताना तेल खालच्या भागांवर, व्हॅक्यूम पंपावर ओघळतंच. ते तसंच ठेवलं तर नंतर दिसणारा ओलेपणा जुना की नवा, ते कळणार नाही. सुरू केल्यावर ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर लगेच बंद करा. काही मिनिटं चालवून बंद करा, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारं यंत्र) बंद असल्याची खात्री करून गॅस्केटच्या कडेभोवती कोरडा पांढरा कपडा फिरवा.

१२. कपड्यावर डाग आला. वायर न कापता थोडा अजून आवळला तर?

वायर आवळायच्या दिशेने ओढत असते, त्यामुळे फिल्टर आणखी आवळला की ती ढिली पडते. म्हणजे तिचा उपयोग संपला. वायर कापा आणि फिल्टर काढून गॅस्केट पाहा. टॉर्क बरोबर देऊनही गळत असेल तर जास्त आवळणं हा उपाय नाही. दोन गॅस्केट, दुमडलेलं गॅस्केट, अडॅप्टरवर चर किंवा खळगा, यांपैकी काहीतरी आहे (प्रश्न ५ पाहा). फिल्टर खाली पडलेला असेल किंवा डबा चेपलेला असेल तर तो बादच करा. बाहेरून किरकोळ वाटलं तरी आत काय झालं ते दिसत नाही.

गळती फिल्टरच्या तोंडातून नसून त्यामागच्या अडॅप्टरमधून असेल, तर तो वेगळा आणि गंभीर विषय. लायकमिंगच्या काही इंजिनांवर फिल्टरमागच्या कन्व्हर्टर प्लेटचं (अडॅप्टरसारख्या भागाचं) गॅस्केट फुटण्याचा धोका निघाला होता आणि त्यावर एफएएची एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) २००२-१२-०७ आहे. कॉन्टिनेन्टल इंजिनं असलेल्या सेसनांवर वेगळ्या प्रकारचा अडॅप्टर असतो. तो सैल होण्याबद्दल एडी ९६-१२-२२ आहे.

रोटॅक्स आणि इतर अपवाद

१३. रोटॅक्स ९१२ च्या फिल्टरला कानच नाहीत. कुठे बांधू?

रोटॅक्सच्या मॅन्युअलमध्ये या फिल्टरला वायर सांगितलेली नाही. गॅस्केट टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि मग पाऊण फेरी, २७० अंश. डब्यावर आणि त्याच्या बुडाशी इंजिनाच्या भागावर रंगाची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे फिल्टर फिरला की लगेच दिसतं. तेलाच्या दाबाची आणि तेल भरून हवा काढण्याची पद्धत रोटॅक्समध्ये वेगळी आहे, कारण तिथे ड्राय संप असतो, म्हणजे तेल इंजिनाखाली न साठता वेगळ्या टाकीत असतं. ती त्यांच्याच मॅन्युअलप्रमाणे करा.

१४. मग लायकमिंगवरही रंगाची रेघ मारून वायर टाळता येईल का?

नाही. रेघ फिल्टर फिरला हे सांगते, त्याला थांबवत नाही. वायरबरोबर मारली तर उत्तम, वायरऐवजी नाही.

१५. आटे जुळणारा गाडीचा फिल्टर स्वस्तात मिळतो. त्यावर होज क्लॅम्प आवळून क्लॅम्पला वायर बांधली तर?

प्रमाणित विमानावर हा विचारच सोडा. त्या फिल्टरला त्या इंजिनासाठी मान्यता नाही. आटे जुळले तरी बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर तेलाला वाट देणारी झडप) किती दाबाला उघडतो आणि डबा किती दाब सोसतो, हे वेगळं असतं. घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांवर क्लॅम्पची युक्ती वापरणारे लोक आहेत. तिथेही क्लॅम्प पातळ डब्याला चेपू शकतो, हे लक्षात घ्या.

१६. आमच्या जुन्या इंजिनाला स्पिन-ऑन फिल्टरच नाही, फक्त जाळी आहे. हे सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, भाग वेगळे. प्रेशर स्क्रीनचं (पंपानंतरच्या जाळीचं) झाकण बोल्टने आणि गॅस्केटने बसतं, सक्शन स्क्रीनचा (पंपाआधीच्या जाळीचा) मोठा प्लग संपमध्ये बसतो. तो प्लग काढून बसवला की त्यालाही वायर लागते, आणि ती विसरली जाते कारण तो खाली, नजरेआड असतो. तेल बदलण्याचा काळही कमी: लायकमिंग पूर्ण प्रवाहाच्या फिल्टरवर ५० तास किंवा चार महिने सांगतं, नुसत्या जाळीवर २५ तास.

१७. फिल्टर काढताना अडॅप्टरच थोडा फिरल्यासारखा वाटला. नवा फिल्टर लावून पुढे जाऊ का?

थांबा. जुना फिल्टर चिकटलेला असेल तर सोडवण्याचा जोर अडॅप्टरवर जातो आणि त्याचा नट सैल होऊ शकतो. वर सांगितलेल्या कॉन्टिनेन्टलच्या अडॅप्टरवर नट सरकला की कळावं म्हणून खूण केलेली असते. ती तुटलेली दिसली तर त्या एडीप्रमाणे काम करावं लागतं. नव्या फिल्टरची वायर सैल अडॅप्टरलाच बांधलेली असेल, तर दोघं मिळून सुटतील.

१८. हे काम मी मालक म्हणून स्वतः करू शकतो का?

अमेरिकेत हो. किमान प्रायव्हेट पायलट परवाना असलेला मालक फिल्टर बदलू शकतो आणि खराब वायर बदलू शकतो. एफएएच्या पार्ट ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये दोन्ही कामं प्रतिबंधक देखभालीच्या यादीत आहेत. लॉगबुकमध्ये कामाचं वर्णन, तारीख, सही, परवान्याचा प्रकार आणि नंबर लिहावाच लागतो. भारतातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमान उड्डाणाला सोडण्याची सही परवानाधारक एएमईची असते. विद्यार्थ्याने वायर बांधली तरी ती त्यांच्या डोळ्यांखाली तपासली गेली पाहिजे.

१९. काढलेल्या फिल्टरचं काय करायचं?

कापून पाहायचा. फिल्टर कटरने, करवतीने नाही, कारण करवतीचा कीस आत पडतो आणि तोच इंजिनाचा धातू वाटतो. कागदाच्या घड्या सुट्या करून उलगडा, उजेडात धरा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा ब्राँझ असू शकतं. काय सापडलं, किती सापडलं, ते लॉगबुकमध्ये लिहा, काही नसेल तर तसंही लिहा.

२०. प्रीफ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीत) पाहिलं तर वायर तुटलेली आहे, पण तेल कुठेही गळत नाही. एक फेरी मारून येऊ का?

उड्डाण नको. वायर का तुटली, हे आधी शोधा: अति ताण, होजवर घासणं, चुकीचं आधारस्थान, की फिल्टर खरोखर फिरला म्हणून तुटली. शेवटची शक्यता खोटी ठरेपर्यंत फिल्टर सैल आहे असंच धरा. टॉर्क तपासून, नवी वायर बांधून, इंजिन चालवून आणि गळती पाहूनच विमान सोडा. शाळेच्या विमानावर असाल तर सोबत्याला पाठवून एएमईला बोलवा आणि तोवर विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत दोष लिहून ठेवा.